अल्लार्मे म्हणजे घंटा नव्हे

लिफ्टमध्ये शेजारी भेटला की माणसं 'कसं काय' विचारतात, गेला बाजार 'आज काय ह्युमिडिटी आहे' एवढं तरी म्हणतात. आमच्या समोरच्या फ्लॅटमधले अंकल विचारायचे, "बाय, हत्यार कुठंय?" पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा मी हातातली ताकाची बाटली छातीशी धरून कोपऱ्यात सरकले होते. आम्ही नुकतेच पुण्याहून शारजात आलो होतो आणि रोल्लाजवळच्या त्या जुन्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहत होतो. मला मुळातच सगळ्याची भीती वाटते. त्यात समोर हा सहा फुटी, टाय लावलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, आणि त्याच्या हातात खलबत्त्यातला पितळी बत्ता.

"माझं हे," बत्ता वर करून ते म्हणाले. "तुझं काय?"

अंकल वसईचे. तरुणपणी फादर व्हायला रोमला गेले होते. काही वर्षं शिकले आणि मग तिथल्या वरिष्ठांना सांगून सरळ परत आले. का, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. "पाद्री व्हायला धीर लागतो, तो माझ्यात नव्हता, खलास," एवढंच. रोमहून दोनच गोष्टी आणल्या असं त्यांची बायको, म्हणजे आंटी, म्हणायच्या, एक इटालियन भाषा आणि दुसरं बद्धकोष्ठ. त्या भाषेवर त्यांना दुबईतल्या अल क्वोजमध्ये, इटालियन संगमरवर आणणाऱ्या एका कंपनीत, दुभाष्याची नोकरी लागली आणि जन्म तिथेच गेला.

आता भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, घरात आरसाही आहे. पण अंकलची जात वेगळी. ते इस्त्री बरोबर घेऊन ऑफिसला जायचे. खोटं नाही सांगत, बॅगेत डबा, छत्री आणि इस्त्री. एकदा अर्ध्या रस्त्यातून कंपनीची गाडी वळवून ते घरी आले होते, इस्त्री बंद केली की नाही ते आठवेना म्हणून. ती बंदच होती. दुसऱ्या दिवसापासून इस्त्री त्यांच्याबरोबर निघाली. "घरी ठेवली तर दिवसभर ती माझ्या डोक्यात चालू राहते. बॅगेत असली की थंड आहे हे हात लावून कळतं," असं ते अगदी सरळ चेहऱ्याने सांगायचे. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराजवळ. लग्नाच्या हॉलमध्ये आधी बाहेर पडायचे दरवाजे बघून येणार, मग बुफेकडे. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तिने मेणबत्त्या विझवल्या आणि सगळे टाळ्या वाजवत असताना अंकलनी त्या काढून पाण्याच्या ग्लासात बुडवल्या. मुलगी म्हणाली, "Uncle, they're already off!" अंकल म्हणाले, "असं तुला वाटतं."

त्यांच्या भीतीचं मूळ मात्र काल्पनिक नव्हतं. आंटींचे गुडघे पूर्ण गेले होते, त्या चाकांच्या खुर्चीत असायच्या. आणि अलार्म वाजला की आमच्या टॉवरच्या लिफ्ट खाली जाऊन आपोआप बंद पडायच्या. अकरा मजले, खुर्ची आणि जिना. हे गणित मला उशिरा कळलं. अंकल तर त्या गणिताबरोबर रोज झोपत होते.

अलार्म म्हणाल तर आमच्याकडे पाववाल्याच्या भोंग्यासारखा उठसूट वाजायचा. कुणी बखूर, म्हणजे इथला अरबी धूप, जाळला, वाजला. कुणाच्या तव्यावर मिरच्या करपल्या, वाजला. कधी नुसत्या दमट हवेनेही वाजला. तेव्हा इथे सगळ्यांनी एक रीत पाडून घेतली होती. इथे बिल्डिंगच्या वॉचमनला नातूर म्हणतात. आमचा नातूर चितगावचा, गरीब स्वभावाचा. अलार्म झाला की घराघरातून नातूरला फोन जायचा, "असली है या नकली?" तो म्हणायचा, "नकली मॅडम, आठ नंबर माला, बखूर." मग आपण टीव्हीचा आवाज वाढवायचा. कुणी एक जण बिल्डिंगच्या ग्रुपवर 'fake' असं टाकायचं, त्याला बाकीचे अंगठा दाखवायचे, झालं. लांडगा आला रे आला ही गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण ती दुसऱ्या कुठल्या गावची असावी अशा समजुतीत आम्ही सुखाने राहत होतो.

अंकल फोन करायचे नाहीत. अलार्मचा पहिला ठोका पडला की बत्ता घेऊन बाहेर. प्रत्येक दारावर धाड, धाड, आणि वर खणखणीत आवाजात, "अल्लार्मे! खाली चला! अल्लार्मे!" अकराव्यापासून सुरू करून मजला मजला उतरत जायचे. दारांना पोचे पडले म्हणून लोकांनी नातूरकडे तक्रारी केल्या. कुणी दार उघडून विचारायचं, "अंकल, असली है?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "वो नीचे जाके पता चलेगा."

खाली उतरायचे ते बहुतेक वेळा एकटेच. पार्किंगमध्ये उभे राहून मान वर करून बिल्डिंग बघायचे. अकराव्या मजल्याच्या खिडकीतून आंटी त्यांना रुमाल हलवून दाखवायच्या. लोक हसायचे. जगाला वाचवायला निघालाय आणि बायकोला वर ठेवलंय, असं माझा नवराही म्हणाला होता. मी एकदा आंटींनाच विचारलं.

"मीच सांगितलंय त्याला," आंटी म्हणाल्या. "दर वेळी बखुरासाठी मला कोण पाठीवर घेणार? तू जा, धूर दिसला तर माणसं घेऊन वर ये. नाही दिसला तर येताना पाव घेऊन ये."

"आणि खरी आग असली तर? आधी खाली जाऊन मग परत वर?"

"म्हणून तर तो दारं ठोकतो गं. एकट्याने मी उचलले जाते का?" त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही. त्या रात्री मी नवऱ्याला उठवून विचारलं की आपण पहिल्या मजल्यावर घर घेऊ या का. तो म्हणाला, यल्ला, झोप आता.

अल्लार्मेचा अर्थ त्यांनी मला सांगितला तो आमच्या गणपतीत. आरती चालू होती तोवर ते निरांजनाकडे असे बघत होते की जणू ते आत्ता पडद्याला जाऊन भिडणार. आरती संपली, मी निरांजन शांत केलं, तेव्हा कुठे मोदक घेऊन खुर्चीत बसले. नवव्या मजल्यावरची बॅचलर मुलंही आली होती, बेड-स्पेसवर, म्हणजे खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन राहणारी, दोघं केरळची आणि दोघं लाहोरकडची. त्यांना या टॉवरमध्ये सणासुदीला माझ्याशिवाय कुणी बोलवत नसे, म्हणून ती कुठल्याही देवाला यायची.

"अलार्म हा घंटेचा शब्दच नाही," अंकलनी सुरू केलं. ते थोडं मराठीत, थोडं त्या मुलांसाठी हिंदीत बोलायचे. "इटालियनमध्ये 'आर्मे' म्हणजे हत्यारं. 'अल्ल आर्मे' म्हणजे हत्यारांकडे चला. तटावरच्या पहारेकऱ्याला लांब धूळ दिसली की तो खाली गावाकडे तोंड करून ओरडायचा, अल्लार्मे! म्हणजे काय, ती हाक होती. हुकूम होता. ऐकणाऱ्याने उठायचं आणि हाताला लागेल ते उचलायचं. ज्याच्याकडे भाला त्याने भाला, नसेल त्याने कोयता, बाईने मुसळ."

"फिर?" उंच लाहोरी मुलगा रंगात आला होता.

"फिर काय, लोक आळशी झाले. ओरडायला माणूस ठेवण्यापेक्षा घंटा बांधली. मग त्या घंटेचंच नाव अल्लार्मे पडलं. पुढे घंटा ऐकून जो पोटात गोळा येतो, त्यालाही अल्लार्मेच म्हणू लागले. फ्रेंचांनी तो उचलला, इंग्रजांनी उचलला, आणि आता तो तुमच्या मोबाइलमध्ये जबल अलीची बस चुकू नये म्हणून वाजतो आणि तुम्ही त्याला स्नूझ करता. हाक गेली, हत्यार गेलं, राहिली फक्त भीती. रिकाम्या हातांची."

"आपला गजर बरा त्यापेक्षा," माझा नवरा म्हणाला.

"गजर म्हणजे आवाज. देवळात होतो, घड्याळात होतो. पुढे काय करायचं ते त्यात कुठे आहे?"

मी विचारलं, "अंकल, तुम्हाला एवढं सगळं माहीत आहे, तरी तुम्ही घाबरता?"

"बाय, अख्ख्या शारजात माझ्याएवढा भित्रा कुणी नाही," ते म्हणाले. "शूर माणसाला चालतं रिकाम्या हाताने. भित्र्याच्या हातात काहीतरी पाहिजे, नाहीतर तो दोन्ही हातांनी डोळे झाकतो."

आणि मग त्यांनी हत्यारं वाटली. केरळच्या मुलांना ओले टॉवेल. लाहोरच्या दोघांना आंटींची खुर्ची, कुणी पुढून धरायचं आणि कुणी मागून, हेही तिथेच ठरलं. जिना कचऱ्याच्या खोलीजवळचा, कारण लिफ्टजवळचा जिना सगळे वापरतात, त्याची दारं लोक उघडी टाकतात आणि धूर आधी तिथे शिरतो. कचऱ्याच्या जिन्यात झुरळं होती, वास होता, आम्ही तिकडे फिरकत नसू. मला त्यांनी त्यांच्या फ्लॅटची किल्ली दिली. "हे तुझं. मी खाली असेन, तू समोर असशील." माझ्या मुलीने विचारलं, "What about me?" अंकलनी विचार केला आणि म्हणाले, "तुझा आवाज चांगलाय. तू हाक दे." पुढचा आठवडाभर आमच्या घरात अल्लार्मेशिवाय दुसरं काही ऐकू आलं नाही. मी ती किल्ली फ्रिजजवळच्या खिळ्याला अडकवली. जाता येता तिच्याकडे लक्ष गेलं की छातीत धस्स व्हायचं, म्हणून पुढे मी तिच्यावर एक कॅलेंडर लावलं.

तो शनिवार होता. नवरा जबल अलीला, कसलंसं शिपमेंट अडकलं होतं म्हणून सकाळीच गेलेला. मी पोह्यांना फोडणी घातली आणि अलार्म वाजला. मला वाटलं माझ्याच फोडणीने. गॅस बंद केला, खिडकी उघडली, सवयीने नातूरला फोन लावला. बिझी. तेवढ्यात दारावर धाड, धाड. "अल्लार्मे! बाय, खाली!" मी दार उघडेपर्यंत अंकल जिन्याच्या दारातून दिसेनासे झाले होते.

मी पुन्हा नातूरला फोन लावला. बिझी. ग्रुपवर बघितलं. 'Anyone knows?' 'Natoor busy aa raha hai.' 'Same here.' 'Must be bakhoor only.' इतके सगळे घरात बसलेत म्हटल्यावर मला खरोखर धीर आला. आजही त्या धीराचा मला राग येतो. सगळी बिल्डिंग एकाच माणसाला फोन करत होती, म्हणून त्याचा फोन लागत नव्हता, आणि फोन लागत नाही म्हणून सगळी बिल्डिंग थांबून होती.

मग वास आला. बखुराचा नव्हे, फोडणीचा नव्हे. वायर जळते तसला, घशाला लागणारा.

माझी पाचावर धारण बसली. मुलीचा हात धरला, चपला शोधू लागले, एकच सापडली. कॅलेंडर ओढून काढलं, किल्ली घेतली. कॉरिडॉरमध्ये आले तर लिफ्टजवळच्या जिन्याचं दार कुणीतरी उघडं टाकलेलं आणि त्यातून काळा धूर छताला घासत आत येत होता. समोर आंटींचं दार. माझ्याकडून किल्ली भोकात जाईना. मुलीने माझ्या हातातून घेतली आणि लावली.

आंटी खुर्चीत तयार बसल्या होत्या. डोक्यावर ओला टॉवेल, मांडीवर पर्स, हातात रोझरी. मला बघून चिडल्या. "तू कशाला आलीस? पोरीला घे आणि जा!"

"Mama, we're not leaving Aunty," मुलगी म्हणाली. "Right?"

मी खुर्ची ढकलत कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला नेली, कचऱ्याच्या खोलीकडे. जिन्याच्या दाराला अंकल शिकवायचे तसा उलटा हात लावून बघितला. थंड होतं. दार उघडलं. आत हवा स्वच्छ होती, आणि खाली, खूप खाली, उतरणाऱ्या माणसांच्या पावलांचा आवाज दूर दूर जात होता. पुढे पायऱ्या. खुर्ची तिथे थांबली.

आयुष्यात मला जेवढी भीती वाटली असेल तेवढी त्या पहिल्या पायरीवर एकदम वाटली. एका हातात मुलीचा हात, दुसऱ्या हातात खुर्चीची मूठ, आणि दोन्हीपैकी एक सोडल्याशिवाय मला एक पाऊल टाकता येत नव्हतं. आंटींनी माझी बोटं खुर्चीवरून सोडवायला सुरुवात केली, एकेक करून, अगदी हळू. मला ओरडायचं होतं, आवाज फुटेना.

तेव्हा माझ्या मुलीने कठड्यावरून वाकून हाक दिली. "अल्लार्मेऽऽ!"

काही नाही. पावलं तशीच उतरत होती. तिने पुन्हा दिली, मान ताणून, अंकल द्यायचे तशी. आणि खालून कुठूनतरी कठड्याच्या लोखंडावर पितळेचा ठोका पडला. ठण्ण. मग आणखी एक, थोडा जवळ. मग धावत वर येणारी पावलं.

आधी तो उंच लाहोरी मुलगा दिसला, पायजम्यावर, उघडाच. मागे त्याचा साथीदार, त्याच्या मागे टॉवेल घेतलेली केरळची मुलं. "आंटी, पकड़के बैठना," एवढं म्हणून त्यांनी खुर्ची उचलली, एक पुढे, एक मागे, गणपतीत ठरलं होतं तसं. सगळ्यात शेवटी अंकल आले. चेहरा पांढराफटक, मिशीतून घाम गळत होता, टाय मात्र जागच्या जागी. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली आणि माझ्या मुलीला कडेवर घेतलं.

आग सहाव्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात लागली होती. सिव्हिल डिफेन्सची, म्हणजे इथल्या अग्निशमन दलाची, माणसं आली, तासाभरात आग विझली, लिफ्टजवळचा जिना काळा झाला. माणूस एकही गेला नाही, हा देवाचा हात की बत्त्याचा, मी सांगू शकत नाही. नातूर तेव्हा सहाव्या मजल्यावर लाल सिलिंडर घेऊन आगीशी झुंजत होता. खाली आल्यावर भाजलेला हात पुढे करून तो रडवेला म्हणाला, "मॅडम, फोन बजता है, बजता है. हम आग को पकड़ेगा कि फोन को पकड़ेगा?" आम्ही सगळे चपलांकडे बघत राहिलो. मी तर एकाच चपलेकडे.

अंकल फुटपाथवर बसले होते. इतके कापत होते की दातांचा आवाज येत होता. मग त्यांना उलटी झाली. आंटींनी खुर्ची जवळ घेऊन त्यांचं डोकं मांडीवर ओढलं. मी बत्ता त्यांच्या हातातून सोडवायला गेले, तर बोटं उघडेनात.

"राहू दे," आंटी म्हणाल्या. "त्याला त्याचा वेळ लागतो."

त्यानंतर काही आठवडे अलार्म वाजला की अख्खा टॉवर खाली. मुलाबाळांसकट, लुंग्यांसकट. अंकल हजेरी घेतल्यासारखे सगळ्यांच्या हातांकडे बघत फिरायचे. मग हळूहळू सहाव्या मजल्याची भिंत रंगवली गेली, करपल्याचा वास गेला, ग्रुपवर पुन्हा 'fake' आलं, पुन्हा अंगठे आले.

पुढच्या वर्षी संगमरवरवाल्यांनी अंकलचा व्हिसा वाढवला नाही. दोघं वसईला गेली, तळमजल्याच्या घरात. सामान बांधताना मी म्हटलं, बत्ता मला ठेवून जा. "नाही बाय," ते म्हणाले. "त्याचा खल घरी एकटा बसलाय. तू तुझं शोध." किल्लीही मागून घेतली, घराच्या एजंटला परत करायची होती. इस्त्री अर्थातच बरोबर नेली. अजून अधूनमधून त्यांचा व्हॉइस मेसेज येतो. 'कशी आहेस' नाही, काही नाही, सुरुवातच "हत्यार कुठंय?" पासून. मी हसण्याची खूण पाठवते.

समोरच्या फ्लॅटमध्ये आता लखनऊचं एक जोडपं आलंय. त्यांना जुळी मुलं आहेत, अजून नीट चालत नाहीत. त्या बाईचा नवरा बहुतेक टूरवर असतो. मागच्या आठवड्यात दुपारी अलार्म वाजला. माझा हात मोबाइलकडे गेला, नातूरचं नाव काढलं, लावला. बिझी.

कॉरिडॉरमध्ये कुणी दार ठोकत नव्हतं. मी खिळ्याकडे बघितलं, तो रिकामा होता. मुलगी दारात उभी, "Mama, shall I shout?" मी म्हटलं, दे. ती ओरडत कॉरिडॉरमधून निघाली. मी समोरचं दार मुठीने बडवायला लागले, दुखेपर्यंत. दार उघडलं. ती बिचारी दोन्ही काखांत एकेक मूल घेऊन, कानाशी खांद्याने फोन दाबून उभी होती.

"भाभी, फोन बिझी आ रहा है," ती म्हणाली. "असली है या नकली?"

"वो नीचे जाके पता चलेगा," मी म्हटलं आणि हात पुढे केले. "एक बच्चा मुझे दो."